वरून कोरे विमान

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मला पाहिले असेल, तर ते तोंड उघडे ठेवूनच पाहिले असेल. त्यात तुमचा काही दोष नाही. मी राहतोच अशा जागी. दातांच्या दवाखान्यात मागे कलणारी ती लांब खुर्ची असते ना, तिच्या बरोबर वर, छताच्या हुकाला मी अकरा वर्षे टांगलेला आहे. खाली माणूस आडवा होतो, दिवा लागतो, "आ करा" असा आवाज येतो आणि दोन भेदरलेले डोळे माझ्यावर खिळतात. जगात माझ्याहून मोठी आणि वेगवान विमाने पुष्कळ आहेत. पण माणसांच्या अक्कलदाढा इतक्या जवळून पाहिलेले विमान माझ्याशिवाय दुसरे नसावे.

मी एक जुने दुपंखी विमान आहे. खरेखुरे नव्हे, त्याची प्लास्टिकची छोटी प्रतिकृती. लांबी तुमच्या शाळेतल्या पट्टीएवढी, वजन दोन-चार पेन्सिलींएवढे. दुपंखी म्हणजे एकावर एक असे दोन पंख. दोघांच्या मध्ये बारीक खांब आणि खांबांमधून तिरप्या ताणलेल्या तारा. पूर्वी विमाने लाकडाची आणि कापडाची असत, तेव्हा ती अशी बांधत. आजची विमाने एकाच पंखाच्या जोडीवर उडतात, त्याचे त्यांना फार कौतुक आहे. असू दे. तारा ओवायला बसली असती म्हणजे कळले असते.

माझा जन्म कारखान्यात झाला, तोही तुकड्यातुकड्यांनी. करड्या प्लास्टिकच्या चार चौकटी, आणि त्यांना फळांसारखे लगडलेले माझे अडुसष्ट भाग. चाके एका चौकटीत, पंख दुसरीत, आणि नखाएवढा वैमानिक तिसऱ्या चौकटीला डोक्याने चिकटलेला. हे सगळे एका खोक्यात भरले आणि खोक्याच्या झाकणावर एक चित्र छापले. काय ते चित्र! लालभडक विमान, पंख फक्त खालून क्रीम रंगाचे, खाली ढग, आणि मान वळवून हसणारा वैमानिक. दुकानाच्या फळीवर मी दोन वर्षे होतो. येणारी मुले झाकण पाहून हरखत, झाकण उघडून आतले करडे तुकडे बघत आणि नाक मुरडून खोके परत ठेवत. मला राग यायचा. अरे, मला जोडायचे तुम्ही, रंगवायचे तुम्ही, आणि नाक माझ्यावर मुरडता?

मग एके दिवशी डॉक्टरीणबाई आल्या.

त्या दातांच्या डॉक्टर. बुटक्या, चटपटीत, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर आणखी एक भिंग. त्या दुकानात कशा आल्या, ते मला नंतर मावशींच्या तोंडून कळले. मावशी म्हणजे त्यांच्या मदतनीस. हत्यारे उकळणे, पेशंटचा हात धरणे आणि डॉक्टरीणबाईंना ऐकवणे, ही तिन्ही कामे त्या मनापासून करत. तर झाले असे की, खुर्चीवरचा दिवा बिघडला. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, "बाई, तुम्हीच जरा आडव्या व्हा आणि उजेड कुठे पडतो ते सांगा." बाई इतकी वर्षे त्या खुर्चीशेजारी उभ्या होत्या, तिच्यात आडव्या कधी झाल्या नव्हत्या. झाल्या आणि वर पाहिले. पांढरे छत, आणि त्यावर ओल येऊन पडलेला सुजलेल्या गालासारखा एक तपकिरी डाग.

"म्हणजे माझे पेशंट दिवसभर हे बघत पडतात?" बाई म्हणाल्या.

"म्हणून तर ओरडतात," मावशी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी खोक्यासकट दवाखान्यात दाखल झालो.

मला त्यांनी जोडले ते दुपारच्या सुटीत. दीड वाजता शेवटचा पेशंट जायचा आणि तीनला पहिला यायचा. बाई दहा मिनिटांत डबा संपवत, हत्यारांच्या स्टीलच्या तबकात मला मांडत आणि भिंग खाली ओढत. दात खरवडायच्या आकड्याने त्यांनी माझ्या कडा साफ केल्या. टोकाला वाकलेल्या चिमट्याने माझे खांब बसवले. आणि तारांसाठी त्यांनी काय वापरले असेल? हिरडीला टाके घालतात तो केसासारखा काळा धागा! बारीक सुईने एकेक धागा ओवून, ताणून, गोंदाचा थेंब देऊन त्यांनी माझ्या पंखांना टाके घातले. असा सफाईदार हात मी पुन्हा पाहिला नाही. कौतुक करायचे तिथे मी हात राखत नाही.

पण आता खरे सांगायचे तर सांगतो. त्या हाताने माझ्या बाबतीत एक चूक केली, आणि अशी चूक फक्त विमाने बांधणारी माणसेच करू शकतात.

खोक्यात एक सूचनांचा कागद होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, की वरचा पंख बसवण्याआधी सगळे रंगकाम पूर्ण करा. कारण उघड आहे. एकदा वरचा पंख बसला आणि तारा ओवल्या, की दोन पंखांच्या मधल्या फटीत ब्रश जात नाही. बाईंनी कागद वाचला. मग घड्याळ पाहिले. मग छताकडे पाहिले.

"पेशंट खालून बघणार," त्या म्हणाल्या. "वरची बाजू बघायला छतावर कोण चढून बसणार आहे?"

झाले! माझी खालची बाजू सुरेख क्रीम रंगाची झाली. नाक लाल झाले, चाके काळी कुळकुळीत झाली. वरून मात्र मी कारखान्यातून आलो तसाच राहिलो, करडा आणि कोरा. वैमानिकाला तर चेहराच मिळाला नाही. खालून तो दिसतच नव्हता ना!

"पाहुणे बसतात तेवढीच खोली झाडायची, असं झालं की हे," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तीन वाजले. पेशंट बोलवा."

त्या घाईत एक तारही राहिली. चोवीस बांधायच्या होत्या, तेवीसच झाल्या. वरचा पंख मात्र कायमचा चिकटला, आणि मी छताला चढलो.

मित्रांनो, माझी कीर्ती झाली, हे नाकारून कसे चालेल? बाईंनी एक रीतच पाडली. सुई टोचायच्या आधी त्या म्हणत, "वरच्या विमानाच्या तारा मोजा बरं." माणूस मोजायला लागे आणि तेवढ्यात सुई टोचून होई. उठल्यावर प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. कोणी वीस म्हणे, कोणी सव्वीस. एक शाळामास्तर पस्तीस म्हणाले, पण त्यांना बधिर करायचे औषध जरा जास्तच चढले होते. लहान मुले दात काढून घेतल्यावर मला हात हलवून जात. एका मुलीने तर आईला विचारले, "दुसरा दात कधी किडेल गं?" माझ्या जोडीला आणखी चार विमाने आली, तीही खालून देखणी आणि वरून कोरी. आम्ही पाचही जण छतावर रुबाबात फिरायचो आणि वरच्या बाजूबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढायचो नाही.

कौतुकाचीही सवय होते. तीन-चार वर्षांनी बाई माझ्याकडे मान वर करून बघेनाशा झाल्या. मावशी आधी दर महिन्याला शिडी लावून मला मऊ ब्रशने झटकत. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि शिडी दाराआड गेली ती गेलीच. माझ्यावर धूळ साचली. पहिल्यांदा मला वाईट वाटले. नंतर वाटले, बरेच झाले, आपली कोरी पाठ झाकली गेली. पाहा, मीसुद्धा किती आळशी विचार करायला शिकलो होतो!

असा अकरा वर्षे मजेत होतो. मग एका सोमवारी क्रेनवाला आला.

आला म्हणण्यापेक्षा आणला गेला. मोठ्या इमारतींच्या कामावर ती उंच उंच क्रेन असते, तिच्या टोकाजवळच्या केबिनमध्ये बसून तो लोखंड आणि विटा उचलायचा. दारात मावेना असा आडदांड गडी. पण त्याचा डावा गाल सुजला होता, आणि त्याच्या निम्म्या उंचीच्या बायकोने त्याचे मनगट घट्ट धरले होते.

"वीस मजले वर चढतात," ती म्हणाली, "आणि ही एक पायरी चढायला अर्धा तास लावला."

"वीस मजल्यांवर कोणी सुई नाही घेऊन बसत," तो पुटपुटला.

खालची दाढ आतपर्यंत किडली होती. बाईंनी त्याला आडवे केले आणि तारा मोजायला सांगितले. त्याने मोजल्या. कोणीच मोजत नाही तशा मोजल्या. कपाळाला आठी घालून, एकेक खांब धरून, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे. बाईंनी दाढ उघडली, आतली घाण काढली, औषध भरून तात्पुरते सिमेंट लावले, तरी त्याचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. मध्येच तो "अँ! अँ!" करू लागला. बाईंना वाटले दुखतेय. त्यांनी हात काढताच तो बोट वर करून म्हणाला, "मॅडम, तेवीस! डाव्या अंगाला मागची एक तारच नाही!"

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर मोजले होते.

"वरून कसं आहे हो हे?" त्याने उठून बसत विचारले. "मी वरूनच बघणारा माणूस. लोक इमारती खालून रंगवतात, छान दिसतात. वर कुणी बघत नाही, म्हणून पाणी वरूनच गळतं. मी रोज सकाळी माझं मशीन आधी वर जाऊन बघतो, मग बसतो. दाखवा ना जरा."

बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आत्ता शिडी नाहीये," त्या म्हणाल्या.

मावशींनी दाराआडच्या शिडीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले आणि कापसाचे बोळे मोजायला घेतले.

"मग पुढच्या सोमवारी," क्रेनवाला म्हणाला. "चार वाजता येतो. पण आधी विमान, मग दाढ. वरून नीट दिसलं तर आ करीन, नाहीतर नाही. माझी आपली सवय आहे ती, राग मानू नका."

वेळ मारून नेली खरी, पण तो गेल्यावर बाई खुर्चीच्या कडेला टेकल्या.

"सांगून टाका ना सरळ, रंगवलंच नाही म्हणून," मावशी म्हणाल्या.

"आणि मग तो माझ्यासमोर तोंड उघडेल? आधीच घाबरलाय. त्याच्या दाढेचं काम अर्धंच झालंय, मावशी. पुढच्या आठवड्यात आला नाही तर पू पसरेल, दाढ जाईल, आणि ताप चढला तर त्या उंचीवर तो बसणार कसा?"

मित्रांनो, तेव्हा मला कळले की माझ्या कोऱ्या पाठीवर एका माणसाची दाढ अवलंबून आहे. अशी वेळ कोणत्याही विमानावर येऊ नये.

मंगळवारी दीड वाजता शिडी आली. मला खाली काढल्याबरोबर मावशींना सलग सात शिंका आल्या. अकरा वर्षांची धूळ साबणाच्या पाण्याने आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने धुतली गेली, आणि माझे पितळ उघडे पडले. केवढा तो करडेपणा! बाईंनी माझ्या दोन पंखांच्या फटीत ब्रश घालून पाहिला. तो पहिल्याच खांबाला अडला. वरचा पंख कापून काढावा तर खांब मोडणार. सगळ्या तारा तोडाव्यात तर आठवड्यात पुन्हा बांधून होणार नाहीत. बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहो बाई," मावशी हत्यारे पुसता पुसता म्हणाल्या, "अक्कलदाढेच्या मागे तरी तुमचा हात कुठे पोचतो? तरी करताच ना?"

बाई ताडकन उठल्या. त्यांनी मला उचलले आणि थेट पेशंटच्या खुर्चीत ठेवले. दिवा ओढला. माझ्या अंगाखाली पेशंटच्या गळ्यात बांधतात तो कागदी रुमाल पसरला. एका जुन्या, वाकड्या आकड्याच्या टोकाला त्यांनी ब्रशचे चार केस दोऱ्याने बांधले. डाव्या हातात दात बघायचा तो इवलासा गोल आरसा घेतला आणि माझ्या दोन पंखांच्या मध्ये सरकवला. मग आरशात बघत, उलटे दिसणारे सुलटे समजत, त्या माझी पाठ रंगवू लागल्या.

"आता मोठा आ कर हं," त्या मला म्हणाल्या. सवय, दुसरे काय!

अकरा वर्षे मी खुर्चीतल्या लोकांना वरून हसलो होतो. त्या दुपारी माझी खोड मोडली. डोळ्यांवर तो दिवा, अंगाशी ते गार स्टील, आणि नाकाशी येणारे ते भिंगातले भलेमोठे डोळे! मोजायला वर काहीतरी असते तर बरे, असे मलाही वाटले.

बुधवारी ब्रश एका तारेला लागला आणि लाल रंग ओघळून क्रीमवर उतरला. तो पुसून कोरडा होईपर्यंत तीन वाजले. गुरुवारी आरसा काढताना टक्, टक् अशा दोन तारा तुटल्या. बाईंनी तोंडातल्या तोंडात असे काही म्हटले जे त्या पेशंटसमोर कधी म्हणत नाहीत. पण मग टाक्यांचा धागा काढला आणि तुटलेल्या दोन तारा बांधल्या, आणि त्याच बसणीत ती चोविसावीही बांधली. मला इतके बरे वाटले! इतकी वर्षे त्या कोपऱ्यात काहीतरी विसरल्यासारखे वाटत असे.

त्याच दुपारी क्रेनवाल्याच्या बायकोचा फोन आला. बाईंच्या हाताला रंग होता, म्हणून मावशींनी फोन त्यांच्या कानाशी धरला आणि जाता जाता आपलाही कान लावला.

"डॉक्टर, आमचे हे म्हणतात, दुखायचं साफ थांबलंय. आता कशाला यायचं?"

"थांबलं असलं तरी यायला हवं. वरचं सिमेंट तात्पुरतं आहे, काम अर्धं ठेवून चालणार नाही."

"मी तेच म्हणते हो. पण ऐकतील ते माझं? एक मात्र आहे, ते विमान बघायला म्हणून येतील. चार दिवस दुसरा विषय नाही घरात."

फोन ठेवल्यावर बाईंनी भिंग पुन्हा खाली ओढले.

शुक्रवारी मधली फट पुरी झाली आणि वैमानिकाला चेहरा मिळाला. एका केसाच्या ब्रशने दोन भुवया आणि एक हसू. अकरा वर्षे बिनतोंडाचा राहिलेला तो बिचारा पहिल्याच दिवशी हसायला लागला. बाईंनी चष्म्यातून, भिंगातून आणि आरशातून, असे तिन्हींतून बघून दातसुद्धा रंगवले. सवय, दुसरे काय!

शेवटी राहिली ती वरच्या पंखाची वरची बाजू. ते सगळ्यात सोपे काम, म्हणून शेवटी ठेवलेले. शनिवारी ते उरकायचे होते, पण दुपारीच एक गृहस्थ पुढचा दात तोडून हातात घेऊन आले, आणि सुटी गेली. रविवारी दवाखाना बंद. म्हणून सोमवारी दीड वाजता, क्रेनवाला यायच्या अडीच तास आधी, माझ्या वरच्या पंखावर रंग चढला. लालभडक, झाकणावरच्या चित्रासारखा. साडेतीनला बाईंनी बोट टेकवून पाहिले. कोरडा वाटला. पण मित्रांनो, रंग वरून कोरडा वाटला तरी आतून ओला असतो. बाईंनी मला उचलून तबकात ठेवले, आणि पंखाच्या बरोबर मधोमध त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. रेषान्‌रेषा दिसेल असा.

"आता?" बाई म्हणाल्या.

"आता चार वाजले," मावशी म्हणाल्या.

क्रेनवाला आला. मागे बायको होती, पण या खेपेला तिने मनगट धरले नव्हते. त्याने खुर्चीकडे बघायचे टाळले आणि सरळ तबकापाशी आला. त्याच्या पंजात मी मावलो असतो, पण त्याने मला दोन बोटांच्या टोकांवर उचलले आणि हनुवटीखाली धरून वरून पाहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखादा पेशंट मला वरून बघत होता. आणि मीही पहिल्यांदाच तोंड मिटलेला पेशंट इतक्या जवळून बघत होतो.

त्याने तारा मोजल्या. चोवीस. फटीत डोकावून पाहिले. वैमानिकाला पाहून त्याच्या गालावर थोडे हसू आले. ठशावर त्याची नजर थांबली.

"छान आहे," तो म्हणाला. "बसायला हरकत नाही." आणि खुर्चीकडे वळला.

काम फत्ते झाले होते. बाईंनी फक्त हातमोजे चढवायचे होते. पण त्या तशाच उभ्या राहिल्या. मावशी या वेळी कापूस मोजत नव्हत्या. त्या बाईंकडे बघत होत्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हे विमान गेल्या आठवड्यापर्यंत वरून कोरं होतं. अकरा वर्षं. वर कोण बघणार, म्हणून मी रंगवलंच नव्हतं. शिडीसुद्धा होती त्या दिवशी, दाराआड. मी खोटं बोलले. हे सगळं तुम्हाला दाखवायला म्हणून आठवड्यात केलंय. आता तुम्ही ठरवा, बसायचं की नाही."

मला वाटले, संपले सगळे. हा आता पाय लावून पळणार, आणि दाढ जाणार.

क्रेनवाल्याने मला पुन्हा उजेडात धरले. "रंगाचा वास मला दारातच आला," तो म्हणाला. "आणि हा अंगठा आजचा आहे."

"मग छान का म्हणालात?"

"काम छानच आहे, म्हणून. एवढ्या फटीत रंग कसा नेलात, देव जाणे. फक्त तुम्ही आपणहून सांगता का, ते बघत होतो. आमच्या कामावर एखादा नट ढिला राहतो, मॅडम. त्याचं काही नाही. सांगितलं तर आवळता येतो."

"मग आता तुम्हीही सांगा की," त्याची बायको म्हणाली.

क्रेनवाला पायांकडे बघायला लागला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत अभ्यास न केलेल्या मुलासारखा दिसला.

"दुखायचं थांबलं नव्हतं," तो म्हणाला. "शुक्रवारपासून तर नुसते ठणके मारतायत. कामावरून घरी पाठवतील आणि इथं सुई टोचाल, म्हणून बोललो नाही."

आणि तो आपण होऊन खुर्चीत आडवा झाला.

आता एक अडचण आली. मी खाली होतो आणि छताचा हुक रिकामा होता. क्रेनवाल्याने वर पाहिले, तर तो जुना तपकिरी डाग! त्याची बोटे खुर्चीच्या हातांवर आवळली गेली. तेव्हा मावशींनी मला उचलले, टाचा उंच केल्या आणि त्याच्या डोळ्यांवर धरले. बाईंनी ड्रिल सुरू केले. घर्रर्र! मित्रांनो, तो आवाज मी अकरा वर्षे रोज ऐकला होता. पण त्या दिवशी मावशींनी मला हळूच डावीकडे कलवले, वळवले, उजवीकडे नेले, आणि मला कळले की ते माझे इंजिन आहे! मी उडत होतो! दिव्याला वळसा घालून, बाईंच्या डोक्यावरून, क्रेनवाल्याच्या नाकाजवळून. लाल पाठ, क्रीम पोट, पुन्हा लाल पाठ. त्याचे डोळे माझ्याबरोबर फिरत होते. मावशींचे गुडघे कुरकुरत होते, पण त्या थांबल्या नाहीत. वीस मिनिटे मी हवेत होतो. एखाद्या विमानाने यापेक्षा अधिक काय मागावे?

"दाढ वाचली," बाई शेवटी म्हणाल्या. "आणखी दोन दिवस गेले असते तर काढावीच लागली असती."

क्रेनवाला आणखी दोनदा आला, बायकोशिवाय. शेवटच्या खेपेला त्याने दोर आणि दोन लहान कड्या बरोबर आणल्या. "माल कसा बांधायचा ते मला विचारा," म्हणाला आणि शिडीवर चढला. त्याने मला एका बाजूला आखूड आणि एका बाजूला लांब दोर बांधला. त्यामुळे मी आता सरळ टांगलेला नाही. वळण घेतल्यासारखा कललेला आहे. खाली आडव्या झालेल्या माणसाला माझे पोट दिसते, पाठ दिसते आणि मान काढून हसणारा वैमानिकही दिसतो. ठसाही दिसतो. बाईंनी तो पुसला नाही. कोणी विचारलेच तर सांगतात, "माझाच आहे. घाई केली होती."

आता दुपारच्या सुटीत माझे चार सोबती पाळीपाळीने खुर्चीत बसतात. आरशाचा गारवा अंगाला लागला की ओरडतात. मी वरून त्यांना धीर देतो.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे माझे दोन शब्दांचे मागणे आहे. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी फळीवर किंवा छताला असेल, तर महिन्यातून एकदा त्याला खाली घ्या, मऊ ब्रशने झटका आणि वरूनही एकदा बघा. बांधायला बसाल तेव्हा वरचा पंख चिकटवायची घाई करू नका. आणि उद्या सकाळी आरशासमोर उभे राहाल तेव्हा फक्त हसताना दिसतात तेवढेच दात घासू नका. मागूनही घासा. तिथे कोण बघणार आहे, असे तुम्हाला वाटेल. डॉक्टरीणबाई आरशातून बघतात. आणि मी वरून बघतो.